ताईला दाखवायचं राहिलेलं घर

डहाणू स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला स्वतःच्या घरी नेण्याआधी दुसऱ्याचं घर दाखवणारा यजमान त्रिभुवनात एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी. पगार घ्यायचे शाळामास्तर म्हणून, पण खरी नोकरी जवळच्या नरपड गावातल्या त्या घराची. समुद्राकाठी चिकूच्या वाडीतल्या त्या घरात पूर्वी एक नामवंत चित्रकार राहत. चित्रांतून वेळ उरला की ते यंत्रं शोधून काढत. झोपाळा हलला की डोक्यावरचा पंखा हलेल, अशी दोरीची करामत त्यांचीच. भावोजींचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण ते वारल्यावर राखणदाराकडून किल्ली मागून हे गृहस्थ पाहुण्यांसकट तिथे हजर!

आत जाण्याआधी नळावर पाय धुवायचे आणि बोलायचं ते हळू. "दुपारी त्यांचं काम चालू असतं," असं भावोजी इतक्या गंभीरपणे सांगत, की माझ्या सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी आलेली शिंक दाबून धरली होती. तलासरीच्या कचेरीतले एक साहेब चित्रकारांच्या खुर्चीत टेकले, तर भावोजींनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "अहो, ते आले तर बसतील कुठे?" साहेब पुन्हा आमच्याकडे फिरकले म्हणून नाहीत.

या सगळ्यात ताई कधीच नसे. ती घरी बोंबील तळत असायची. मी एकदा भावोजींना विचारलं, तर म्हणाले, "ती काय, इथलीच! कधीही बघेल. आधी लांबून आलेल्यांना दाखवू." ताईही हसून म्हणायची, "सगळेच गेलो तर पाहुण्यांना जेवायला कोण घालणार?" ऐंशीच्या दशकातली सगळी वर्षं अशीच गेली.

मग साखरेच्या आजारानं ताईचे डोळे नेले. आधी अंधूक, मग काहीच नाही. मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले. त्यातच चित्रकारांच्या वारसांनी घर विकलं, आणि ते पाडणार असं कळल्यावर भावोजी रिक्षा घेऊनच आले. "चल, आजच जाऊ," म्हणाले. मीही बरोबर गेलो.

चित्रं केव्हाच मुंबईला गेली होती. उंबऱ्यात भावोजींनी ताईचा हात धरला. ते काही सांगायच्या आधी ताईच हळूच म्हणाली, "डाव्या हाताला जिना ना? आणि समोर कोळिणीचं चित्र, निळ्या लुगड्यातलं." मी थक्क झालो. इतकी वर्षं जेवायला बसलेले पाहुणे तिला हेच तर सांगत आले होते. "खिडकीखाली रंगांचं टेबल. त्याला चाकं आहेत. हो ना?"

समोर नुसती भिंत होती. भावोजी मटकन खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "अगं, साऱ्या जगाला दाखवलं गं. तुझंच राहिलं!"

ताईनं चाचपडत त्यांचा खांदा शोधला. "घर मला पाठ आहे हो. तुमच्याबरोबर यायचं तेवढं राहिलं होतं."

मग ती खिडकीशी गेली आणि म्हणाली, "समुद्राचं मात्र कुणी नीट सांगितलं नाही. सांगा ना." भावोजींनी डोळे पुसले आणि तिच्याशेजारी उभे राहिले. "भरती आहे," ते म्हणाले. "एक होडी वरोरकडे चाललीय. शीड मळकं आहे. थांब, अजून दिसतेय..."