नव्या रंगाखालची रेघ

महाडच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे. कापडे गावची एक मुलगी, नुकतीच कंपनीत नोकरीला लागलेली, दर रविवारी विकाऊ गाळे बघत फिरायची. माझ्या दुकानात चहा उभ्यानंच प्यायची आणि एका प्रश्नाचं उत्तर यायच्या आत दुसरा विचारायची. "घेऊन टाकू का, काका?" हे तर प्रत्येक गाळ्याबद्दल.

एजंटनं माझ्या शेजारचा गाळा दाखवला, तेव्हा तिनं हात उंच करून भिंतीचा नवाकोरा रंग नखानं खरवडला. खाली चिखलाची रेघ निघाली.

"जुनी ओल हाय ती," एजंट म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पुराची आहे," मी सांगितलं. एजंट चिडून निघून गेला.

"मग तुमी हितं कसे टिकलाव, काका?"

"गिऱ्हाईक इथंच येतं ना."

तिनं गाळ्याच्या छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "वरची खोली कोनाची हाय?"

ती खोली तिनं घेतली आणि शिकवणीवाल्यांना भाड्यानं दिली. तरी नुसतं आभाळ भरून आलं की तिला चैन पडत नाही. लगेच फोन येतो, "काका, चपला वर नेल्यात? नाय? मग कधी नेनार?"

नदी अजून पात्रातच असते. तरी मी खोकी उचलायला लागतो.