प्रयागची खरबरीत भिंत

फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात विटकर, म्हणजे फुटक्या विटांचा चुरा, चाळत बसलो होतो. दवाखान्यात जाताना रिक्षात बसल्या बसल्या माझ्या बायकोनं, प्रयागनं सांगून ठेवलं होतं, ‘‘मी येईस्तोर विटकर कुटून चाळून ठेवा. बारीक नको. चाळून वर राहील ते ठेवा, खाली पडंल ते फेका.’’ सगळं जग खालचं ठेवतं, वरचं फेकतं. हिचं उलटं. फोन दत्ताचा होता, आमच्या मुलाचा. तोच तिच्याजवळ होता. ‘‘बाबा…’’ एवढंच म्हणाला. बाकीचं मला कळलं. मी चाळणी खाली ठेवली, मग परत उचलली आणि राहिलेला चुरा चाळून काढला. कामून चाळला, विचारू नका. हात थांबला नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. तिला चित्रं शिकवणाऱ्या देशपांडे बाई म्हणाल्या, काका, तिच्यावर पेपराच्या पुरवणीत लिहा. मी म्हणलं, चौथी शिकलेला माणूस, मी काय लिहिणार? तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते. म्हणून लिहितोय. चुका सापडल्या तर त्या बाईंच्या. बोलणं माझं.

आम्ही दोघंही निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या नंतर जन्मलेले. मी पिशोरचा, प्रयाग फर्दापूरची. तिचे वडील लेण्यांत उजेड दाखवायचं काम करायचे. बाहेर उन्हात मोठा आरसा धरायचा आणि आतल्या चित्रावर ऊन पाडायचं. ही लहानपणी त्यांच्या मागं मागं जायची. लोक चित्र बघायचे. ही बघायची चित्र पडून गेलेली जागा. तिथं गिलाव्यातला भुसा दिसायचा, काड्या दिसायच्या. ‘‘दादा, हे तर आपल्या चुलीच्या वट्यासारखंच हाय की,’’ म्हणाली, तर बापानं पाहुण्यांसमोर टपली मारली होती. हे ती मला लग्नानंतर कितीदा सांगायची. मला त्यात सांगण्यासारखं काही दिसायचं नाही. मी वाळूजला कंपनीत प्रेस मशीनवर लागलो, बजाजनगरात दोन खोल्या झाल्या, पोरगा शिकून पुण्याला गेला. तिचा जन्म भाकरी आणि धुणं यात गेला, माझा पत्रा दाबण्यात.

देशपांडे बाई म्हणजे चित्रकलेच्या रिटायर शिक्षिका. देवळाच्या हॉलात दुपारी बायांना शिकवायला लागल्या. प्रत्येकीला एक जाड वही दिली आणि सांगितलं, हिच्यात रंग लावा, कापड चिकटवा, तिकीट चिकटवा, पान चिकटवा, एका पानावर सगळं चालतं. प्रयाग वही काखेत मारून घरी आली आणि म्हणाली, याला मिक्स मीडिया म्हणत्यात.

‘‘मिक्स भाजी ऐकली होती,’’ मी म्हणलं.

‘‘मग आज तीच ऐका. सयपाक केला नाय मी.’’

तवापासून घराची कळा गेली. चहाच्या चोथ्याच्या पाण्यात कागद बुडवायची आणि माझ्या बनियनच्या शेजारी दोरीवर वाळत घालायची. ओल्या रंगावर जाडं मीठ टाकायची. मीठ रंग पिऊन घ्यायचं आणि सुकल्यावर झटकलं की कागदावर पांढरी फुलं उमटायची. मेणबत्ती घासून वरून निळं पाणी फिरवायची, मेण होतं तिथं पाणी धरायचं नाही. हळद फासलेल्या कागदावर चुन्याचं बोट ओढायची, की पिवळ्यात लाल रेघ. लाल रेघ उमटली की पोरीसारखी हसायची. चिकटवायला मैद्याची खळ शिजवायची. आमच्या शहरात तिला लेई म्हणतात. पातेलंभर शिजवून ठेवायची आणि म्हणायची, ‘‘आज लई लेई झाली.’’ मी एकदा झोपेतून उठून दह्याचं पातेलं समजून तिच्यात भाकर बुडवली. ‘‘खावा,’’ म्हणाली, ‘‘तोंड चिकटंल तर माझ्या जिवाला आराम.’’

मग साखरेनं डोळे धरले. पडद्यावर रक्त उतरलं म्हणाले डॉक्टर. सुया झाल्या, लेझर झालं. ‘‘ढग आल्यात,’’ म्हणायची आधी. मग ढगच राहिले. मला वाटलं, वही संपली. मी ती कपाटावर टाकली. तर दोन-चार दिवसांनी भिंत धरत आली आणि म्हणाली, ‘‘तुमच्या कंपनीतल्या कोणाला सांगून पॉलिश पेपर आणा. आन् वही कुठं टाकली?’’

बोटानं दिसंल असं करायचं, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. दुसरं काही नको होतं तिला. मी खरबरीत पॉलिश पेपर आणला, गोणपाट आणलं. जुन्या लुगड्याचे काठ तिच्यापाशी होतेच. सुतळीचे वेढे चिकटवून ती वाट करायची, ज्वारीच्या भुश्शाचं रान करायची, रांगोळीच्या चुऱ्याचं पाणी. पान झालं की माझं बोट धरून त्याच्यावर फिरवायची.

‘‘सांगा, काय हाये?’’

‘‘गोणपाट.’’

‘‘गोणपाट नाय ओ. बैल बसलाय.’’

‘‘मग शेपूट कुठंय?’’

‘‘खाली घेऊन बसलाय. तुमच्यासारख्याच्या हाती लागू नये म्हणून.’’

देशपांडे बाई घरी येऊन पानं बघायच्या. पुढं पुढं त्या म्हणाल्या, प्रयागताई, पोत काय सुंदर येतोय, दिवसेंदिवस जाड होतोय. साखर डोळ्यांवर थांबली नव्हती. बोटांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. तव्याला बोट लागलं तर फोड आल्यावर कळायचं. आधी दोरा कळंना झाला, तर ती सुतळीवर आली. मग रांगोळी कळंना, तर वाळूवर आली. पोत कसला… बोटं मरत चालली होती आणि ती त्यांच्या पुढं पळत होती.

वहीतून भुसा गळायचा. खळीच्या वासानं झुरळं यायची, कसर लागायची. दत्ता दिवाळीला आला, त्यानं ते बघितलं. आईची वही किडे खाऊ राहिलेत म्हणून त्याचा जीव तुटला. कोणाला न सांगता वही घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पानंन्‌पानं लॅमिनेशन करून आणली. वर तारेची बांधणी, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात तिचं नाव. जाड जाड होतं ते दुकानदारानं खरवडून काढलं म्हणे, मशीनमधी जात नव्हतं. ‘‘आई, हात लाव,’’ म्हणाला. ‘‘आता पन्नास वर्षं काही होत नाही.’’

तिनं पहिल्या पानावर हात फिरवला. दुसऱ्यावर फिरवला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो… तिसऱ्या पानावर तिनं हात उलटा केला आणि बोटांच्या पाठीनं बघितलं. मग म्हणाली, ‘‘लई चांगलं केलं रे दत्ता. आता पाणी सांडलं तरी भ्या नाय.’’

तो पुण्याला गेल्यावर ती वही मांडीवर घेऊन बसली. ‘‘हे कोणचं पान?’’

‘‘बैलाचं.’’

‘‘आसंल,’’ म्हणाली. पुढचं उलटलं. ‘‘हे?’’

‘‘वाट हाये. फर्दापूरची, तूच म्हणली होती.’’

‘‘आसंल.’’

सगळी वही तिनं अशी ‘आसंल, आसंल’ करत संपवली. मला त्याला फोन लावून चार शिव्या द्यायच्या होत्या. तिनं फोन हातातून घेतला. ‘‘एक शब्द बोलायचं नाय. पोरानं हौसंनं केलंय.’’ मी ब्लेडनं एका पानाचं प्लास्टिक सोलून बघितलं. प्लास्टिकाबरोबर रंग निघाला, कागदही निघाला. त्याचा आवाज ऐकून म्हणाली, ‘‘सोडा. कातडं निघू राहिलं त्याचं.’’

साखर आता किडनीतही उतरली होती. डायलिसिस सुरू झालं होतं, तिथून आली की भिंतीकडं तोंड करून पडायची. एका दुपारी मला म्हणाली, ‘‘या भिंतीचा रंग खरवडून द्या मला. इथून इथपर्यंत. बघते, भिंतीला कोण लॅमिनेशन करतं ते.’’

मी खरवडून दिली. सुताराचा पांढरा गोंद, त्यात लाकडाचा भुसा कालवून गिलावा केला, आणि ती पडल्या पडल्या हाताला येईल तिथं लावत गेली. तुरीच्या वाळल्या तुराट्यांचे तुकडे लावले, काथ्या लावला, खडी लावली. कुठं गोंद धरायचा, कुठं रात्रीतून सगळं अंथरुणात पडायचं. मी सकाळी गोधडी झटकायचो. दवाखान्यात तिच्या लुगड्यातून चादरीत पडलेले खडे बघून नर्सबाई म्हणाली होती, आजी, तुम्ही घरी झोपता का खाणीत? ‘‘खाणीतच,’’ म्हणाली, ‘‘हा मुकादम बसलाय ना उशाला.’’ शेवटी बोटांनी खडीही कळंना. तेव्हा ती गाल लावायला लागली. गालाला अजून समजत होतं. म्हणून भिंतीवरचं शेवटचं काम सगळं खाली आहे, उशीच्या उंचीला. विटकर तिथंच लावायची होती.

ती गेल्यावर दत्तानं ती लॅमिनेशनची वही फोटोपुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मी काही बोललो नाही. तिचा शब्द होता. पण गेल्या आठवड्यात तो आला तो रंगारी घेऊनच. बाबा, तुम्ही आता पुण्याला चला, हे घर भाड्यानं देऊ, त्याच्या आधी रंग मारून घेऊ. त्याचं चुकीचं नव्हतं. मी एकटा चहा करतो तर दूध उतू जातं. रंगाऱ्यानं पुढची खोली उरकली आणि खाटेपाशी येऊन विचारलं, ‘‘साहेब, ये दीवार पुरी खरवडू का? लई घाण चिकटलीय.’’

‘‘खरवड,’’ दत्ता म्हणाला.

मी रंगाऱ्याच्या हातातली पट्टी धरली. म्हातारा माणूस, मला नीट बोलता येत नाही, ओरडताच येतं. मी ओरडलोच. सगळं सांगितलं त्याला. गुळगुळीत पानं सांगितली, ‘आसंल’ सांगितलं, कातडं निघतंय म्हणाली ते सांगितलं. तो रंगारी बिचारा बादली घेऊन बाहेर जाऊन बसला. दत्ता म्हणाला, ‘‘मला सांगायचं ना, बाबा… तेव्हाच सांगायचं.’’ मी म्हणलं, ‘‘तुझ्या आईला विचार.’’ बोलून गेलो. असं बोलायला नको होतं, पण खोटंही बोललो नाही.

मग तो भिंतीपाशी गेला. हात फिरवला, बोटं फिरवली. ‘‘काय आहे हे? काहीच कळत नाही मला.’’

‘‘हातानं नाय कळायचं,’’ मी म्हणलं. ‘‘तिला तरी कुठं कळत व्हतं हातानं. आडवा हो. गाल लाव.’’

तो खाटेवर तिच्या जागी आडवा झाला. एवढा मोठा माणूस, पाय खाटेबाहेर गेले. भिंतीला गाल लावला, डोळे मिटले. बाहेर रंगारी कोणाशी तरी फोनवर बोलत होता, तेवढाच आवाज.

‘‘बाबा, टोचतंय,’’ म्हणाला.

‘‘तिला तेवढंच राहिलं व्हतं,’’ मी म्हणलं.

गाल त्यानं काढला नाही. रंगाऱ्याला मीच जाऊन सांगितलं, उद्या येऊ नको.