छातीवरच्या दगडाचा रंग

थोरल्या सुनेने पन्नाशीला टेकल्यावर विद्यापीठात नाव घातलं. कलेतून माणसांची मनं बरी करायची आणि समाज बदलायचा, असा तो अभ्यासक्रम होता. घरात तिला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. तिथे गोल करून बसलेली माणसं तिचं ऐकून घेत. बाई पाघळलीच. वर्गाचा नियम एकच होता: रडणाऱ्याला धीर द्यायचा नाही, जवळ घ्यायचं नाही. दुःख शरीरात कुठे आहे आणि त्याचा रंग कोणता, एवढंच विचारायचं.

एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय गं."

सुनेला आयती संधी मिळाली. तिने कागद पसरला, खडूंचा डबा उघडून पुढे केला.

"आई, त्या दगडाचा रंग कोणता?"

"डॉक्टरला बोलाव."

"आधी रंग."

जन्मभर सुनेवर हुकूम सोडलेल्या म्हातारीने घामेजल्या हाताने निमूट काळा खडू उचलला. रेघ कागदावरून घसरली, चादरीवर आली आणि थांबली. डॉक्टर आले ते दाखला लिहायलाच.

ते चित्र विद्यापीठाच्या प्रदर्शनात लागलं. प्राध्यापिका म्हणाल्या, "काय ताकदीची रेघ आहे."

आता दाढ सुजली तरी सासरे तिच्यासमोर हसत बसतात. नवरा पाठ चोळून घ्यायला शेजाऱ्याकडे जातो. आणि ती वर्गात सांगते, "या अभ्यासाने आमचं घर बदललं. हल्ली कुणाचं काही दुखतच नाही."