हिरव्या पट्टीतलं गाऱ्हाणं

काकीच्या देव्हाऱ्यात एका प्लॅस्टिकच्या डबीत हिरवी पट्टी आहे. बोटभर लांब, अंगावर काळे चौकोन, एका कडेला बारीक सोनेरी दात. त्या पट्टीत काकांचा आवाज होता, असं काकी धरून चालते. तो तिच्यात कधीच नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मुळात मी कमी बोलणारा, त्यामुळे माझ्या गप्प बसण्याचा कुणाला संशयही आला नाही.

काकी सख्खी नव्हे. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एक दगडी गडगा, एवढंच नातं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं परदेशी मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत काढली आणि मालवणजवळच्या आमच्या वाडीत परतले ते लॅपटॉप घेऊन. वाडीतला तो पहिलाच. पण वाडीला काका हवे असायचे ते गाऱ्हाण्यासाठी. घरात कार्य असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो, देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागायचे ते काकांनीच. "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काकांच्या गाऱ्हाण्यात वाडीचे सगळे राखणदार देव यायचे, बुजलेल्या विहिरी यायच्या, दर्यात बुडून राहिलेली माणसं यायची, आणि त्यात एकही घर सुटायचं नाही.

काकी त्यांच्या मागे लागायची, "लिवन ठेया ता."

"गाऱ्हाणा लिवक नसता. बोलाक असता," काका म्हणायचे.

मग ते बोलूनच ठेवायला लागले. दुपारी जेवण झालं की पडवीत लॅपटॉपसमोर बसायचे आणि सगळं गाऱ्हाणं त्याला ऐकवायचे. आत भांडी घासता घासता काकी "व्हय म्हाराजा" म्हणायची. दुसरं कोण म्हणणार? तेव्हा त्या यंत्रात काकीचाही आवाज गेला होता. संपलं की काका झाकण लावत आणि सांगत, "मेमरीत ठेयलंय गो." काकीला तो शब्द तिथून मिळाला.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात काका गेले. लॅपटॉप कपाटात पडून राहिला. आमच्याकडची हवा लोखंड खाते, यंत्राची काय कथा. एकदा काकीनं माझ्याकडून तो लावून बघितला तर पडदा काळाच. तिची मुलगी दोडामार्गला दिलेली. जावई रोज गोव्यात नोकरीला जायचा. तो म्हणाला, म्हापशात एक दुकानदार बंद पडलेला लॅपटॉप घेतो आणि बदल्यात मोबाईल देतो. मोबाईल आला तर मुलीशी बोलता येईल, म्हणून काकी तयार झाली. अट एकच घातली.

"तेतली मेमरी काढून ठेया. मगे तो खंय न्हेवचो थंय न्हेवा."

काढायची कुणी? मी. मी कुडाळला हार्डवेअरचा कोर्स केलेला होता ना.

त्या कोर्सची आठवण आली की अजून माझं डोकं तापतं. स्टेशनच्या रस्त्याला एका दुकानाच्या माडीवर वर्ग भरायचा. भिंतीवर एक रंगीत तक्ता, त्यात पोट फाडलेला लॅपटॉप, आणि त्याच्या प्रत्येक अवयवाकडे जाणारा बाण. बाणाच्या टोकाला इंग्रजी नाव. आम्ही ती नावं पाढ्यांसारखी घोकली. परीक्षेत बाण होते, नावं नव्हती. "भाग ओळखा" असा प्रश्न. मी सगळे ओळखले. पण अख्ख्या कोर्समध्ये कुणी एका लॅपटॉपचा एक स्क्रू फिरवला नाही. सरांकडे स्वतःचा होता, तो ते पिशवीतून काढायचे आणि पिशवीत ठेवायचे. "उघडला तर वॉरंटी जाईल," म्हणायचे. हिरव्या पट्टीकडे जाणाऱ्या बाणावर लिहिलं होतं, मेमरी. ही मेमरी यंत्र चालू असेपर्यंतच धरून ठेवते, बंद केलं की कोरी होते, आणि माणसानं साठवलेलं राहतं ते हार्ड डिस्कमध्ये, हे एक वाक्य त्या वर्गात कुणाच्याही तोंडून आलं नाही. आमच्याकडे बाजारात नुसतं नाव सांगितलं म्हणून कुणाला मासा ओळखता येतो असं कुणी मानत नाही. त्याचा काटा कुठे, तो शिजवायचा की तळायचा, आजचा की कालचा, हे सांगता आलं तर ओळखला. आणि इथे नाव घोकलं की प्रमाणपत्र. तेही मी काच लावून भिंतीवर टांगलं.

एका रविवारी काकीच्या पडवीत मी लॅपटॉप पालथा घातला. काकी समोर पाटावर, जावई खुर्चीत, आणि रापणीचं जाळं ओढायला जाणारा एक शेजारी गडग्यावरून उडी मारून आलेला, थट्टेखोर. मी घड्याळजीचे बारीक स्क्रूड्रायव्हर मागून आणले होते. एकेक झाकण काढत गेलो आणि तक्ता पाठ म्हणत गेलो.

"ही बॅटरी."

"व्हय म्हाराजा," शेजारी म्हणाला.

"हो पंखो. ह्या तांब्याच्या नळीतसून गरमी भायर जाता."

"व्हय म्हाराजा."

"गप रे मेल्या," काकी म्हणाली, पण हसली. काका गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होतो. मला चेव आला. बटणासारखा सेल दाखवला, सीडीचा कप्पा ओढून दाखवला. कडेच्या खाचेतून एक चपटी, जड डबी बाहेर आली.

"ह्या काय?" जावयानं विचारलं.

"हार्ड डिस्क."

"ती काढूची काय?"

"ती काढलास तर दुकानदार हात लावचो नाय," मी म्हणालो. कोणत्या आधारावर म्हणालो, देव जाणे. आणि ती डबी, काकांच्या सगळ्या दुपारी पोटात असलेली, मी माझ्या हातानं परत खाचेत सरकवली.

मग हिरव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चाप सरकवले. ती टपकन वर उचलली गेली. मी ती काकीच्या तळहातावर ठेवली.

"ही गे मेमरी."

काकीनं ती डोळ्यांजवळ नेली. "इतक्याशा पट्टीत सगळे मावले ते?"

"मावले."

"माझो आवाज पण?"

"तुझो पण."

तिनं ती पदरात घेतली. मी चहा पिऊन घरी गेलो आणि त्या दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

काही आठवड्यांनी जावयाचा फोन आला. तो सासऱ्यांना मामा म्हणायचा.

"अरे, तू काढलंस ती मेमरीच खराब होती. दुकानदारान दुसरी घातल्यान आणि मशीन फटकन सुरू झाला. पडद्यार मामांचो फोटो इलो, जहाजावरचो. माका कसासाच झाला."

मेमरी माझ्या काकीकडे, मग पडद्यावर काका कुठून आले? तक्त्यानं जे शिकवलं नाही ते त्या एका वाक्यात मला कळलं.

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय? दुकानदार म्हणालो, सगळा पुसून इकूक ठेयतंय."

"पुसल्यान?"

"अजून नसतला. कित्याक?"

कशाला, या प्रश्नापाशी मी अजून अडकून आहे. "पुसू नको म्हणान सांग, मियां चुकलंय," एवढं बोलायचं होतं. जावई त्याच रस्त्यानं रोज जात होता. दुकानदार काही राक्षस नव्हता. पण बोललो असतो तर वाडीत झालं असतं की कोर्स केलेल्या माणसाला साधी मेमरी ओळखता आली नाही. शेजाऱ्यानं ते नाक्यावर रंगवून सांगितलं असतं.

"काय नाय," मी म्हणालो. "असोच इचारलंय."

लोकांना वाटतं, माणूस मोठ्या मोहापायी मोठं पाप करतो. मी एका थट्टेच्या भीतीनं केलं. कोर्सवर, तक्त्यावर, सरांवर मी वर जो राग काढला तो खरा आहे, पण तो त्या फोनपर्यंतच चालतो. अडाणीपणाचा दोष त्यांच्या माथी मारता येईल. फोन ठेवला तो माझ्या हातानं.

पुढे दर वर्षी म्हाळाच्या दिवशी, पितरांना पान वाढून झालं की काकी गडग्यापाशी यायची. "झिला, आयकूक मेळात काय रे?" मी सांगायचो, तसल्या जातीचं यंत्र आता मिळत नाही, शोधतोय. ती मान डोलवायची. संशय घेणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि मी त्याचा फायदा घेत राहिलो.

मग दोन हजार दहाची नारळी पौर्णिमा. काकांच्या मागे दुसरा एक जण गाऱ्हाणं घालायचा. त्या वर्षी त्यानं दर्यात राहिलेल्यांमध्ये एका घरातल्या माणसाचं नाव गाळलं, आणि किनाऱ्यावरच जुंपली. त्या घरचे म्हणत, आमचा माणूस गाऱ्हाण्यात होता. हा म्हणे, कधीच नव्हता. कुणी ऐकेना, तेव्हा काकी पुढे झाली.

"भांडतास कित्याक? तेंचा गाऱ्हाणा माझ्याकडे आसा. तेंच्याच आवाजात. चला."

सगळे तिच्या पडवीत. कुठलंही यंत्र चालेल असं म्हणत मला माझ्या ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बोलावलं. काकीनं डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि पट्टी माझ्या हातात दिली. चेहरा असा, जणू काका आत कपडे बदलतायत आणि आता बाहेर येतील. मी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. दात खरंच काळवंडले होते.

"काकी, ही गेली गे," मी म्हणालो. "दमट हवेन. दातांका गंज इलो."

"कापसात ठेयलंलय रे मियां."

"कापूस पाणी धरता."

तिनं बोटांनी डबीतला कापूस चाचपला. "रोज उदबत्ती लावतंय मियां थंय. धुरान तर नाय झाला?"

मी म्हणालो, "आसात."

एवढंच. आसात, म्हणजे असेल. पडवीतून कुणीतरी म्हणालं, "बायलमाणसाक काय कळता तेतला. नीट सांभाळूक व्हया होता." दुसऱ्यानं री ओढली. ज्या घराचं नाव गळलं होतं, तिथली म्हातारी तर तोंडावर बोलली, "आमच्या माणसाक तू दुसऱ्यांदा बुडवलंस." मी तिथे उभा होतो. ज्यांनी त्या यंत्राला कधी बोट लावलं नाही त्यांनी तिला शिकवावं, याचा मला संताप आला, अजून येतो, आणि तो संताप कुणावर काढायचा हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या तोंडात ती वाक्यं मी घातली होती.

काकीनं पट्टी पुसली, परत कापसात ठेवली. त्या दिवसापासून ती देवापुढे उदबत्ती लावत नाही. मुलीनं किंवा मी विचारलं तर म्हणते, धुरान खोकलो येता. माझ्या बायकोनं आणून दिलेला पुडा तसाच फळीवर आहे.

काकी अजून आहे. ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे. ती वाचत नाही, तेव्हा हे इथे लिहून माझं काही फिटत नाही.

तिच्या पडवीत, त्या दिवशी होते त्यातल्या जितक्यांना बोलावता येईल तितक्यांसमोर, मी तिला हे मोठ्यानं सांगण्याचं देणं लागतो: पट्टी पहिल्यापासून कोरी होती, काकांचा आवाज मी घालवला, आणि तुझ्या उदबत्तीनं काही झालं नाही.