इनेझच्या हातचं कोण जेवलं

माझी वहिनी इनेझ हिच्याइतकी जळकी बाई आमच्या ह्या ख्रिस्तियाना गावच्या डोंगरात दुसरी सापडायची नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. ती म्हणते, "मेव्हिस, मी जळत नाही. माझं ते माझं राहावं, एवढंच मला हवं असतं." ह्यात फरक काय, तो तिलाच ठाऊक.

तिचं जे होतं, ते शनिवारचं पातेलं. आम्ही शनिवारवाले. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ सुरू होतो आणि चूल थंड होते. म्हणून सगळा स्वयंपाक शुक्रवारी उजेडातच उरकायचा, आणि शनिवारी प्रार्थना झाली की चर्चच्या मागच्या पडवीत सगळ्यांनी एकत्र जेवायचं. प्रत्येक बाईचं एक भांडं. त्यात मांस-मासळी काही नसतं. देवाने आदामाला बागेत झाडांची फळं आणि बियांची धान्यं खायला दिली, तेच माणसाचं खरं अन्न, असं आम्ही मानतो. देह देवाचं मंदिर, त्यात काय वाटेल ते कोंबायचं नाही. डुकराचं तर नावसुद्धा जेवताना काढत नाहीत.

ह्या जेवणात इनेझच्या ग्लुटेनचा मान पहिला. शुक्रवारी सकाळी ती परातभर मैदा मळायची आणि अंगणात बसून तो गोळा पाण्यात धूत राहायची. पांढरं पाणी ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी हातात नुसता चिवट गोळा उरतो. तो कापून कांदा-लसणाच्या पाण्यात उकळायचा, पळीपळीने तेल ओतून तळायचा आणि दाट, खारट रश्श्यात सोडायचा. खाटकाच्या घरचा माणूससुद्धा फसेल अशी चव. सोबत गाजराचा रस, त्यात आटवलेल्या दुधाचे डबेच्या डबे आणि वर जायफळ. तिच्या पातेल्यापुढे रांग लागायची. माझा राजमा-भात शेजारीच असायचा. त्याला कोणी नाही म्हणायचं नाही, पण त्याचं कोणी नावही काढायचं नाही. तेव्हा जळणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

पण तिच्या ह्या पातेल्यामागे एक गोष्ट होती, ती मला ठाऊक असल्यामुळे मी गप्प बसायची. इनेझची आई रस्त्याच्या कडेला भाजलेलं डुक्कर विकायची. परसात डुकरं, अंगणात धूर, आणि त्यावरच पाच लेकरं वाढली. इनेझ सतरा-अठराची असताना गावात तंबू ठोकून सभा झाल्या, ती तिथे गेली आणि बाप्तिस्मा घेऊन आली. त्याच रविवारी तिने आईने वाढलेलं ताट सरकवलं. आई म्हणाली, "ह्याच डुकरांच्या जिवावर तुझ्या अंगाला मांस चढलं, आणि आज ते तुला विटाळ झालं? मग माझ्या घरात तरी कशाला राहतेस?" इनेझ त्याच संध्याकाळी निघाली. आई मरेपर्यंत दोघी बोलल्या नाहीत. त्यानंतर माझ्या भावाशी, ॲल्स्टनशी तिचं लग्न झालं आणि आम्ही तिघं एका घरात राहू लागलो. आई सोडून जे खाणं तिने धरलं, ते इतकं चवदार करून दाखवायचं की कोणाला मांसाची आठवण होऊ नये, हा तिने जणू पणच केला होता.

ॲल्स्टन तिच्या हातचं जेवून खूष होता. पोट सुटलं, मान जाड झाली, साखरेचा आजार लागला. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण मांस तर आमच्या घरात येतच नव्हतं, मग रोग येणार कुठून? आमच्या लोकांची ही जुनीच समजूत. मग त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "ब्रदर ॲल्स्टन, गोळ्या घ्या आणि तोंडाला आवर घाला. नाहीतर आधी अंगठा काढावा लागेल, मग पाऊल."

घरी येऊन त्याने इनेझला सांगितलं ते फक्त गोळ्यांचं. तोंडाला आवर घालायचं तो गिळून बसला. मी म्हटलं, "अरे, सांग ना तिला!" तर म्हणाला, "काय सांगू? तुझ्या हातचं मला बाधतंय म्हणून सांगू? मेव्हिस, तिच्याकडे दुसरं आहे काय?"

अशात पर्लाइन आली. इंग्लंडमध्ये उभं आयुष्य नोकरी करून गावी परतलेली विधवा. वयाने इनेझहून मोठी, पण पाठ ताठ, चाल हलकी आणि दात स्वतःचे. पहिल्याच शनिवारी तिने आणलं काय, तर वाफवलेली कालालूची पालेभाजी, उकडलेली कच्ची केळी आणि बिनतेलाचे वाटाणे. इनेझ माझ्या कानाशी लागली, "आजाऱ्याचं ताट दिसतंय." पण बायका पर्लाइनच्या कातडीकडे बघत होत्या, आणि बघता बघता तिचं भांडं रिकामं झालं. इनेझच्या पातेल्यात तळाशी ग्लुटेन उरलं. ते ती तसंच घरी घेऊन आली.

पुढे पर्लाइनने चर्चमध्ये उभं राहून सुचवलं, की आपण दानीएलासारखं करून पाहू या. बाबेलच्या राजाच्या ताटातलं पक्वान्न त्याने नाकारलं आणि दहा दिवस भाजीपाला आणि पाणी मागितलं, तसं. रोज दुपारी तिच्या अंगणात जमायचं, मिळून शिजवायचं, मिळून खायचं. तळण नाही, साखर नाही, डब्यातलं दूध नाही. शेवटच्या शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि मंडळींनी तोंडं निरखायची, कोणाचं कसं दिसतं ते. "कोण कोण येणार?"

ॲल्स्टनचा हात वर गेला. इनेझ त्याच्या शेजारीच बसली होती.

घरी जे झालं ते मी माझ्या खोलीत बसून ऐकलं, आणि न ऐकायचा पर्याय नव्हता.

"माझ्या हातचं काय विष आहे का रे?"

"तसं नाही, इनेझ."

"मग कसं? तिच्या अंगणात जाऊन पाला चघळशील, पण बायकोचं ताट नको? की पाला नुसतं निमित्त आहे?"

"अगं, ती माझ्या थोरल्या बहिणीसारखी आहे."

"तुझी बहीण पलीकडच्या खोलीत आहे, आणि तिची पाठ काही एवढी ताठ नाही!"

शेवटी ॲल्स्टनने तडजोड केली. दुपारी तिकडे, रात्री इकडे. "तुझ्या हातचंही जेवेन की," तो म्हणाला. इनेझला तेवढंच हवं होतं. त्या दिवसापासून तिने रोज संध्याकाळी जो स्वयंपाक मांडला, तसा मी आमच्या घरात सणालाही पाहिला नव्हता. मैद्याच्या गोळ्यांची तळलेली डंपलिंग, रताळ्याचं पुडिंग, मोठा पेला भरून गाजराचा रस. ॲल्स्टन म्हणायचा, "आत फार उकडतंय, मी मागच्या ओट्यावर बसून खातो," आणि ताट-पेला घेऊन जायचा. ताट चाटूनपुसून परत यायचं. इनेझ ते मला दाखवायची. "बघ, मेव्हिस. तिकडे उगीच चोच मारून येतो. पोट इथेच भरतं." आणि ताट विसळताना गाणं गुणगुणायची.

मला मात्र नवल वाटत होतं. कारण भावाची मान बारीक होत चालली होती आणि इनेझची खुशी रोज वाढत होती. ह्या दोन गोष्टींचा मेळ बसेना.

मेळ बसवला क्लीव्हने. क्लीव्ह आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. त्याचं चर्चशी काही देणंघेणं नाही, आणि तो डुकरं पाळतो, म्हणून इनेझने त्या बाजूला तोंड करून कधी कपडेसुद्धा वाळत घातले नाहीत. शेवटच्या शुक्रवारी ती अंगणात मैदा धूत बसली होती, मी पाणी ओतत होते, तेव्हा तो कुंपणाशी आला, टोपी काढली आणि म्हणाला, "मिस इनेझ, एकदा आभार मानायला हवे होते. तुमच्यामुळे माझं डुक्कर असं पोसलंय की काय सांगू! मिस्टर ॲल्स्टन रोज संध्याकाळी डंपलिंग आणून घालतात ना. आणि तो गोड रस! आता तर त्याला उठायचाही कंटाळा येतो. ख्रिसमसला काही विचारायलाच नको."

मी बादली खाली ठेवली. इनेझचे हात परातीतच राहिले.

"माझं डंपलिंग?" ती म्हणाली. "डुकराला?"

"तर हो! पुडिंगही. मोठ्या मनाची माणसं तुम्ही."

तो गेला. मला वाटलं, आता परात भिरकावते. ते तिने केलं नाही. तो मैदा धुऊन पूर्ण केला, कापला, उकळला, तळला. सूर्य मावळायच्या आत चूल विझवली. त्या रात्री ॲल्स्टनला ताट वाढलं नाही. मी मनात म्हटलं, उद्या चर्चमध्ये ह्या घराचं काही खरं नाही. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली. आणि मग भावाचा अंगठा आठवला आणि मजा विरली. उद्या ती सगळ्यांसमोर त्याच्यावर भडकली, तर तिची समजूत काढायला तो पुन्हा तिच्याच ताटावर येऊन बसणार, मुकाट्याने, पाऊल जाईपर्यंत. मी त्याला ओळखते.

शनिवारी तिने काळी हॅट घातली, मयताला घालते ती.

दानीएलवाली मंडळी पुढे उभी राहिली. चर्चचे एल्डर एकेकाला उजेडाकडे तोंड करायला लावत होते, लोक हसत होते, "आमेन" म्हणत होते. ॲल्स्टनची पाळी आली. चेहरा खरंच उतरला होता, पण डोळे तजेलदार. तो म्हणाला, नर्सने साखर पाहिली आणि दोनदा पाहिली, तिला पटेना. अंगठ्याच्या जखमेला खपली धरली आहे. टाळ्या पडल्या. मग त्याने इनेझकडे पाहिलं. तिची हॅट पाहून तो काय समजायचं ते समजला असावा, कारण घसा खाकरून म्हणाला, "ह्याचं श्रेय माझ्या बायकोचं आहे. दुपारी सिस्टर पर्लाइनकडे जेवलो, पण रोज रात्री घरी इनेझने मला सांभाळलं. तिच्या हातच्या जेवणाने मी बरा होतोय."

चर्च दणाणलं. बायका वळून वळून इनेझकडे बघायला लागल्या. "सिस्टर इनेझ, काय करून घालायचीस, आम्हाला पण सांग!" आणि सगळ्यांत मोठ्याने "आमेन" कोण म्हणालं? पर्लाइन. साखर तिच्या अंगणातल्या जेवणाने उतरली, हे तिला कळत नसेल असं नाही. तरी ती हसून टाळ्या वाजवत होती, आणि मला दिसलं की त्या टाळ्या इनेझला सगळ्यांत जास्त झोंबल्या. जो मान हातचा गेला म्हणून ती इतके दिवस जळत होती, तो पर्लाइनने तिला दान दिल्यासारखा दिला होता.

इनेझ उभी राहिली. मी तिचा झगा मागून ओढला, तिने माझा हात झटकला.

"ब्रदर ॲल्स्टन खोटं बोलतोय," ती म्हणाली. "देवाच्या घरात, शब्बाथच्या दिवशी. माझ्या हातचा ह्याने एक घासही खाल्लेला नाही. माझं सगळं जेवण क्लीव्हच्या डुकराने खाल्लं."

कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळेच हसले. ती थांबून राहिली.

"हसा. तोंडं निरखायची म्हणता ना? मग नीट निरखा. एक हा बघा. आणि दुसरं क्लीव्हच्या परसात जाऊन बघा. मी काल मैदा धुऊन झाल्यावर जाऊन पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्या कुंपणाशी गेले. ते नुसतं पडून होतं. त्याला पायावर उभं राहता येईना." तिने ॲल्स्टनकडे बोट केलं. "डुकराच्या मांसापायी मी आई सोडली. आणि त्या डुकराला दहा दिवसांत ज्याने लोळवलं, ते मी ह्या माणसाला तीस वर्षं वाढत आले. प्रेमाने."

आता कोणी हसत नव्हतं. ॲल्स्टन पुढून खाली आला, लंगडत. "इनेझ, अगं बस," म्हणाला. ती बसली नाही. ती पर्लाइनकडे वळली आणि मी डोळे मिटून घेतले.

"सिस्टर पर्लाइन, तू मला आवडत नाहीस. तुझी पाठ, तुझे दात, ते तुझं 'आमेन', काही आवडत नाही."

"माहीत आहे, सिस्टर," पर्लाइन म्हणाली.

"शुक्रवारी मी तुझ्याकडे येते. काय शिजवायचं, कसं शिजवायचं, सगळं दाखव. मी शिकेन. पण एक सांगून ठेवते. ह्या माणसाच्या ताटात तू पळी घालायची नाहीस. वाढणार मी."