साडेपाच तासांची गाडी

"धावणारा माणूस कधी मरत नाही, तो फक्त आपल्या पुढे निघून जातो." सुधाकर मेश्राम यांच्या शोकसभेत एका मान्यवरांनी हे वाक्य म्हटलं आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर सभागृहात थोडा संभ्रम झाला. वाक्य चांगलंच होतं. अडचण एवढीच, की सुधाकरभाऊ उभ्या आयुष्यात कधी कोणाच्या पुढे निघून गेले नव्हते. नोकरीत ते मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे सगळी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढलेला माणूस. निवृत्तीनंतर धावायला लागले, तेव्हाही त्यांनी पेसरचं काम पत्करलं. पेसर म्हणजे मॅरेथॉनमध्ये पाठीला वेळेचा झेंडा बांधून ठरलेल्या एकाच गतीने धावणारा माणूस. ज्याला साडेपाच तासांत पोचायचं आहे, त्याने साडेपाचच्या झेंड्याला धरून राहायचं. पेसर लवकर पोचला, तर तो त्याचा पराक्रम नसतो, गुन्हा असतो. मान्यवरांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर 'ज्येष्ठ क्रीडापटू' एवढंच लिहिलेलं असावं.

बातमी मला कमलेशने फोनवर दिली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. कमलेशचं गोंदियाच्या बाजारात मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाइकांशी हिंदी आणि आमच्याशी मराठी, अशी त्याची सोपी वाटणी. त्या सकाळी तो म्हणाला, "सर, काका नहीं रहे." ती हिंदी ऐकूनच पुढचं विचारायची गरज उरली नाही. सुधाकरभाऊ दूध घेऊन आले होते, गोंदियालगतच्या मुर्रीतल्या आपल्या घराच्या पायरीवर चपला काढायला बसले आणि बसलेच राहिले... पिशवी सांडली नव्हती, हे कमलेशने मला दोनदा सांगितलं. का सांगितलं, ते त्यालाही कळलं नसेल. मलाही ते ऐकून किंचित बरं वाटलं.

आमचा धावण्याचा गट म्हणजे आठ माणसं आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात बिसेन मॅडम आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि धावतानाही मागच्या बाकावरचं ऐकू आल्यासारख्या मान वळवतात. कमलेश सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत वेगवान, निदान पहिली दहा किलोमीटर. मी सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचलेला आणि सगळ्यांत हळू. सुधाकरभाऊंनी आम्हाला 'गाडी' हे नाव दिलं आणि स्वतः शेवटचा डबा झाले. पेसरने पुढे असावं, असा साधा संकेत आहे. त्यांना तो मान्य नव्हता. "गार्ड मांगंच राहते सर," ते म्हणायचे. "पुढं राहून काय पाहीन? डब्बे तर मांगं असतात."

मूळचे ते सालेकशाकडचे. त्यांच्याकडे तीन रंगांच्या काचेचा एक टॉर्च होता, गार्डच्या टॉर्चसारखा, निवृत्तीनंतर बाजारातून घेतलेला. पहाटे अंधारात धावताना ते मागून एकेकाचं नाव घेत. ज्याचं नाव आलं त्याने "हाव", म्हणजे हो, म्हणायचं. सगळ्यांचं "हाव" आलं, की हिरवा दिवा हलायचा आणि मगच पुढचा किलोमीटर सुरू व्हायचा. बाहेरून आलेल्या एका धावपटूने हे पाहून, तुमच्यात कोणी आंधळं आहे का, असं विचारलं होतं. सालेकशाच्या रस्त्यावर मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वल उतरतं. तिथे एखादं "हाव" यायला उशीर झाला, की सगळ्यांचे पाय आपोआप थांबायचे. मग बिसेन मॅडम म्हणायच्या, "आहे, आहे मी, लेस बांधून राहिली." माणूस चिडतो अशा वेळी, आणि त्याच क्षणी त्याला फार हलकंही वाटतं.

नवेगाव बांधच्या तलावाकाठून निघणारी रात्रीची मॅरेथॉन आम्ही दोनदा धावलो. पहिल्या वेळी निमंत्रणपत्रिकेत 'चांदण्यात न्हालेली दौड' असं छापलं होतं. ती रात्र अमावास्येच्या बेताची होती. चंद्राला विचारूनच तारीख धरली पाहिजे असं नाही. पाहुण्यांना विचारून धरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांत पाणी, पाण्यात बेडूक. त्या काळोखात कमलेश पहिल्या तासातच दिसेनासा झाला. सुधाकरभाऊंनी त्याचं नाव घेतलं, उत्तर आलं नाही. आम्ही त्यांची समजूत घातली, की पोरगं जोरात आहे, पोचेल आपल्या आधी. पुढच्या पाण्याच्या टेबलावर विचारलं, तर तिथल्या मुलींनी एवढे लोक पाहिले होते, की त्यांनी हो म्हटलं आणि नाहीही म्हटलं. त्यानंतर सुधाकरभाऊ नावं घेईनात. ते रस्त्याच्या कडेला टॉर्च मारत धावत होते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. परतीच्या वाटेवर एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कमलेश आडवा सापडला, अर्धा बांधीच्या चिखलात. ओठ पांढरे, डोळे उघडे. आम्हाला ओळखत नव्हता. शरीरातलं मीठ संपलं होतं, असं नंतर दवाखान्यात कळलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सुधाकरभाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याचं नाव घेत होते. एकदा घेऊन थांबायचे, पुन्हा घ्यायचे. बऱ्याच वेळाने त्याने "हाव" म्हटलं.

कमलेश दोन-चार दिवसांत दुकानात बसायला लागला आणि महिनाभरात पुन्हा आमच्या पुढे पळायलाही लागला. सुधाकरभाऊंचं मात्र बिनसलं. आम्ही समजावलं, अहो, यात तुमचा काय दोष, तो ऐकत नाही. तर म्हणाले, "सर, डब्बा सुटला का गाडी उभी करा लागते. माही तर गाडी तुटली अना मी चालतच राहिलो." चढावर जोड तुटून निम्मे डबे मागे राहणं, हे गार्डच्या नोकरीतलं मोठं भय. नोकरीत त्यांच्यावर ती वेळ कधी आली नव्हती. ती आली निवृत्तीनंतर, चिखलात, एका मोबाइलवाल्याच्या रूपाने. पुढच्या मॅरेथॉनला त्यांची एकच इच्छा होती, की साडेपाच तासांची गाडी सगळ्या डब्यांसकट आत यावी. त्यांनी कमलेशला प्रेमाने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. त्याचं उत्तर ठरलेलं, "काका, यंदा पक्कं." आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा क्षितिजावर.

त्या दुसऱ्या मॅरेथॉनच्या आठवडाभर आधी मला वंदनावहिनींचा फोन आला. मेश्रामांच्या घरून मला फोन यायचा तो वहिनींना पुस्तक हवं असलं तर. या वेळी त्या हळू बोलत होत्या. "भाऊजी, ह्यायच्या छातीत दुखते. डॉक्टरनं हृदयाचं सांगतलं हाय. पण थांबत नाहीत. तुमी तेवढं लक्ष ठेवजा. पुढं जाऊ नोका, त्यायच्या संगंच राहा. अना कोणाले सांगू नोका."

मी कोणाला सांगितलं नाही. तो आठवडा मी ग्रंथालयात हृदयविकारावरची पुस्तकं वाचण्यात घालवला आणि त्यातली बहुतेक लक्षणं स्वतःत आढळल्याने काळजीत भरच पडली. सुधाकरभाऊंना आडून सुचवूनही पाहिलं, की यंदा झेंडा दुसऱ्याला द्यावा. ते म्हणाले, "कोणाले देऊ? तुमाले?"

त्या रात्री सुरुवातीला तीन भाषणं झाली. तिसऱ्या भाषणात जीवन हीच मॅरेथॉन असल्याचं जाहीर झालं आणि शिट्टी वाजली. मी ठरवल्याप्रमाणे सुधाकरभाऊंच्या मागे सरकलो, म्हणजे ते डोळ्यांसमोर राहतील. पाहतो तर बिसेन मॅडमही मागे. बाकीचेही मागे. आणि कमलेश, जो आमच्यात कधी पाव तास टिकला नव्हता, तो माझ्याच खांद्याशी, हातात पाण्याची बाटली घेऊन. सुधाकरभाऊंनी मागे व्हायला गती कमी केली की आम्हीही कमी करायचो. "मांगं काऊन राहून राहिले सारे?" ते ओरडले. गार्ड पहिल्यांदाच इंजिनात बसला होता.

त्यानंतरच्या तासांत मी जेवढा भ्यालो, तेवढा आयुष्यात कधी भ्यालो नसेन. अंधारात सात माणसं एका माणसाचा श्वास ऐकत होती. ते खोकले, की आमची पावलं चुकायची. ते बूट सैल करायला वाकले, तर आम्ही सगळे थांबलो, आणि मागून येणाऱ्या एकाने, काय झालं, साप आहे का, असं विचारलं. एका चढावर त्यांनी छातीवर हात ठेवला... मी पुढे झेपावलो. बिसेन मॅडम माझ्याही आधी. ते झेंड्याचा पट्टा सरळ करत होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "काय हाय?" मॅडम म्हणाल्या, काही नाही. कमलेश दर टेबलावर म्हणायचा, "काका, पानी प्या ना," आणि ते म्हणायचे, "तू पे आधी." तो प्यायचा. मिठाची गोळीही खायचा, कारण त्याने खाल्ली तरच काका खायचे. ज्या धुऱ्यावर तो पडला होता तो धुरा मागे गेला, आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याची नजर झेंड्यावरून हलत नव्हती.

आम्ही साडेपाच तासांना मिनिटभर शिल्लक ठेवून आठही जण एका रांगेत आत आलो. एका पेसरची गाडी एकही माणूस न गळता पोचल्याचं पाहून व्यासपीठावरून 'शिस्तीचा आदर्श' असा उल्लेख झाला आणि सुधाकरभाऊंना शाल मिळाली. ती त्यांनी ताबडतोब कमलेशच्या खांद्यावर टाकली, कारण त्याला हुडहुडी भरली होती. पोहे खाताना बिसेन मॅडम माझ्या कानाशी आल्या. "सर, तुम्हालाही फोन होता का वहिनींचा?" मग कळलं, की फोन प्रत्येकाला होता आणि प्रत्येकाला कोणालाही न सांगण्याची ताकीद होती. त्या बाईंच्या काळजीने आमचं मन भरून आलं. सुधाकरभाऊ लांब बसून पोहे खात होते आणि आमच्याकडे बघत नव्हते.

पुढचे महिने ते रविवारी येत राहिले, पण हळू. पावसाळा संपता संपता धावायचं सोडून मागून चालत यायला लागले. टॉर्च हलायचा, फक्त उशिरा. मग तो दुधाच्या पिशवीचा दिवस आला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी मी एकटाच मुर्रीला गेलो. बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी त्यांचा फोटो होता, रेल्वेच्या गणवेशातला. बोलता बोलता मी वहिनींना म्हटलं, तुम्ही त्या वेळी फोन करून आम्हाला सावध केलंत, फार चांगलं केलंत. त्या म्हणाल्या, फोन करायची कल्पना त्यांची नव्हती. सुधाकरभाऊच शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि एकेक नंबर लावून देत होते. तो कमलेश स्वतःच्या जिवाला भीत नाही, दुसऱ्याच्या जिवाला भितो, असं त्यांचं म्हणणं. ते वहिनींना म्हणाले होते, माझ्या नावाने सगळ्यांना भीती घाल, मग कोणी पुढे पळत नाही.

"मी नाहीच म्हणत होती," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणलं, असं खोटं मी नाही बोलत कोणासंग. तं म्हणाले, खोटं कुठं हाय." त्यांनी पदराने फोटोची काच पुसली. ती स्वच्छच होती. "मले तवाच समजलं भाऊजी."

कमलेशच्या दुकानात गट जमला, तेव्हा मी हे सगळ्यांना सांगितलं. कमलेश उठून दुकानाच्या आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

यंदाच्या मॅरेथॉनसाठी साडेपाचचा झेंडा त्यानेच मागून घेतला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोचा मला फोन आला, की ह्यांचा गुडघा गेलाय, तुम्ही संगं राहा आणि कोणाला सांगू नका. बिसेन मॅडमनाही आला. बाकीच्यांनाही आला. कमलेशचा गुडघा अगदी ठणठणीत आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. रविवारी कोणीही त्याच्या पुढे गेलं नाही.