डाव्या बरगडीवरची गाठ

तांदूळ निवडताना फिरावं तसं आईचं बोट माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिरत होतं. पडद्यावर बाबांची छाती होती. बाबा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. त्यानंतर त्यांचं सीटी स्कॅन आईनंच सही करून आमच्या प्रयोगशाळेला दिलं; शिकाऊ सर्जनांच्या सरावासाठी आम्ही कॉम्प्युटरवर शरीराच्या प्रतिकृती बनवतो. "नवे डॉक्टर आधी यांच्यावर हात बसवू देत," एवढंच म्हणाली.

स्कॅनमधल्या शेकडो पातळ कापांवरून हाडांचा पृष्ठभाग उभा करणं हे माझं काम. बारीक बारीक त्रिकोण जोडून जाळी विणायची आणि मग ती गुळगुळीत करायची. यंत्रामुळे आलेला खडबडीतपणा त्यात निघून जातो. माझ्या या सफाईचा मला थोडा गर्वही होता.

आईचं बोट डाव्या बाजूच्या एका बरगडीवर थांबलं.

"इथं गाठ होती रे. लग्नाआधी हे जांभळीवरून पडले होते, हाड वेडंवाकडं जुळलं. कुशीवर वळले की माझ्या हाताला लागायची."

मी मूळ स्कॅन उघडून पाहिलं. गाठ होती. यंत्राचा दोष समजून मीच ती घासून टाकली होती. आजवर किती अनोळखी माणसांच्या अंगावरचं असं काय काय मी पुसलं असेल! ते ओळखणारा हात माझ्या शेजारी कधी नव्हता, इतकंच.

ती बरगडी मी पुन्हा विणली. गाठ परत आली. आईनं त्या जागी तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

काच सपाटच होती.